बारावा महिना

करार नेहमी अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुणाच्याच नावावर नसायचा.
एकदा बँकेच्या रांगेत हिशेब केला:
साडेसोळा वर्षं, अठरा करार, सहा घरं.
मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंत
मागच्या भिंतीचा रंग बदलत जातो.
केक कापायची सुरी तीच.

श्रीरंग म्हणायचा, थांबू या जरा,
हा फुगा आहे, फुटणार.
त्याची एक निळी वही होती,
तिच्यात दर दिवाळीला एक ओळ,
नाहूरचा भाव, कांजूरचा, भांडुपचा,
जसा आजाऱ्याच्या उशाशी
ताप लिहून ठेवतात.
तापच तो. चढतच गेला.
एका वर्षी जरासा उतरला
तेव्हा रात्री आम्ही हळू आवाजात बोललो,
जणू बिल्डरला ऐकू गेलं असतं.
पाडव्याला पुन्हा वर.
फुगा फुटला नाही.
श्रीरंगला चाळिशी लागली,
आपणच लिहिलेले आकडे
हात लांब करून वाचायला लागला.

गालाशेठ चांगले होते,
फक्त भिंतीला खिळा नको म्हणायचे.
बाबांचा फोटो चार वर्षं फ्रिजवर टेकून.
कंप्रेसर सुरू झाला
की बाबा जरासे थरथरायचे.
पिंटोबाई एक तारखेला चहाला यायच्या
आणि घोट घेता घेता
छत बघायच्या, कोपरा न् कोपरा.
मीही बघायची त्यांच्याबरोबर,
आपलं काही चुकलंय का ते.

खोकी मी कधी टाकली नाहीत.
घडी करून कपाटामागे,
प्रत्येकावर मार्करने माझं अक्षर:
डबे. पुस्तकं. काच – सांभाळून.

शेवटी घेतलं.
भाव उतरला म्हणून नाही.
त्या दिवाळीला श्रीरंगने वही काढली नाही
आणि मी विचारलं नाही, एवढंच झालं.
भांडुप, चौथा मजला, जुनी बिल्डिंग,
तीनशे एकाहत्तर फूट कार्पेट.
खिडकीत दोन टॉवर
आणि त्यांच्या फटीत डोंगराची एक चिंधी.
नोंदणीला माझा अंगठा उमटेना.
रेषा झिजल्यात, टेबलामागची बाई म्हणाली,
केसांवर घासा जरा.
घासला. उमटला.
हप्ते एकशे ऐंशी.
बँक बारावा महिना सोडत नाही.

बाबा भिंतीवर गेले.
रात्री फ्रिज घरघरतो
तेव्हा मी अजून वर बघते,
ते स्थिर असतात.
सवय व्हायची आहे, मला किंवा त्यांना.

पहिली वार्षिक सभा गच्चीवर,
प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्स, चहा.
ठराव सातवा:
भाडेकरूंनी सामान हलवताना पाच हजार भरावेत,
लिफ्ट वापरू नये.
अनुकूल असलेल्यांनी हात वर करा, सेक्रेटरी म्हणाले.
हात वर गेले. श्रीरंगचा नाही.
माझ्या हातात कप होता.
कप खाली ठेवता आला असता,
किंवा तोंड उघडता.
मी वर बघितलं.
गच्चीला छत नव्हतं.
ठराव संमत. उपस्थितांत माझं नाव,
पहिल्यांदाच फ्लॅट नंबरासकट.

मे महिन्यात पाचव्या मजल्यावरची मुलगी आली,
लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील.
काकू, तुमच्याकडे खोकी आहेत म्हणे?
कुणी सांगितलं, विचारलं नाही.
कपाट दोघींनी मिळून सरकवलं.
चिकटपट्टी कुठे दुहेरी लावायची,
तळ कसा भरायचा, दाखवलं.
अकरा दिली.
एक राहिलं मागेच.

दुपारभर दार उघडं ठेवलं होतं.
हमालांच्या खांद्यावरून, दारासमोरून,
जिन्याने माझं अक्षर खाली उतरत होतं:
डबे. पुस्तकं. काच – सांभाळून.
लिफ्ट चालू होती.